दमदमला उतरताना

दक्षिणेकडून कोलकात्याला येणारे विमान खाली येऊ लागले की खिडकीतून आधी दिसते ते पाणीच पाणी. शहराच्या पूर्वेला पसरलेल्या या तळ्यांना इथे ‘भेरी’ म्हणतात. महानगराच्या सांडपाण्यावर त्यांत मासे वाढतात आणि तेच बंगाली माणसाच्या ताटात येतात. मग सॉल्ट लेकच्या आखीव वस्त्या, राजारहाटच्या उंच इमारती, आणि पाहता पाहता चाके जमिनीला टेकतात. ना डोंगर, ना दरी. समुद्रसपाटीपासून दमदमची उंची अवघी सोळा फूट!

विमानतळाला १९९५ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी दमदमच राहिले. इंग्रजांच्या काळी इथे दारूगोळ्याचा कारखाना होता. ‘दमदम बुलेट’ हे कुप्रसिद्ध नाव इथलेच. बाहेर जेसोर रोडवर विमानतळाची फाटके नंबरांनी ओळखली जातात. त्यांतले एक चक्क अडीच नंबरचे! नवख्या पाहुण्याला आपली थट्टा चालली आहे असेच वाटते.

इतक्या सपाट जागी विमान उतरवण्यात कसली आली अडचण, असे कुणालाही वाटेल. पण १२ जून १९६८ च्या रात्री पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ इथे उतरत होते. बाहेर पाऊस होता. धावपट्टी ११२८ मीटर दूर असतानाच विमान एका झाडाला धडकले, कोसळले आणि पेटले. आतल्या ६३ जणांपैकी सहा जण दगावले.

झाड काही अचानक उगवले नव्हते. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने येते. त्या हिशेबाने त्या जागी ते दोन-अडीचशे फुटांवर असायला हवे होते. मग ते इतके खाली आले कसे? विमानातला अल्टिमीटर हवेच्या दाबावरून उंची सांगतो आणि दाब तर रोज, तासातासाला बदलतो. म्हणून वजन करण्याआधी तराजूचा काटा नीट करावा, तसा विमानतळाने कळवलेला दाबाचा आकडा वैमानिकाला यंत्रावर लावावा लागतो. एका मिलिबारची चूक म्हणजे उंचीत जवळजवळ तीस फुटांचा फरक. शिवाय आपल्याकडे हा आकडा मिलिबारमध्ये सांगतात (आता त्यालाच हेक्टोपास्कल म्हणतात), तर अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. त्या रात्री वैमानिकांचा या आकड्यात घोटाळा झाला होता. विमान असायला हवे त्यापेक्षा ३६० फूट खाली होते.

काटा चुकला तरी डोळे होतेच की, असे कुणी म्हणेल. पण काचेवर पावसाचे पाणी असले की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत, असा भास होतो. खाली अंधार आणि लांबवर दिव्यांची रांग असली तरी तेच. मग वैमानिक नकळत आणखी खाली येतो.

डोळ्यांवर विसंबणे किती महागात पडते, हे मुंबईनेही पाहिले आहे. १९५३ साली ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. सुदैवाने ते काही दिवसांनी पुन्हा उडाले. १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ नेही तीच चूक केली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. जीवितहानी झाली नाही, हे नशीब.

दमदमहून निघालेल्या एका विमानाचे नशीब मात्र असे नव्हते. १६ ऑगस्ट १९९१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ इथून इंफाळला निघाले. तिथे उतरण्याच्या ठरावीक मार्गापासून ते ढळले आणि थांगजिंगच्या डोंगरावर आदळले. ६९ जणांपैकी कुणीही वाचले नाही. आपण डोंगराच्या वर आहोत, हेच वैमानिकाच्या ध्यानी आले नव्हते.

आता धावपट्टीच्या बाजूला चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान योग्य उंचीवर. चारही लाल दिसले तर फार खाली. मनोऱ्याने सांगितलेला आकडा वैमानिकाने उलट म्हणून दाखवायचा, अशी शिस्तही आहे. जमीन भलत्या वेगाने जवळ येऊ लागली तर यंत्र ओरडून सावध करते. तरीही शेवटी माणसाला ते चार दिवे दिसावे लागतातच.

म्हणूनच २०२१ च्या दुर्गापूजेतला प्रकार साधा नव्हता. विमानतळाच्या वाटेवरच्या लेक टाउनमध्ये श्रीभूमी स्पोर्टिंग क्लबने दुबईच्या बुर्ज खलिफाच्या धर्तीवर मंडप उभारला. कोलकातेकर पूजेत काय करतील याचा नेम नाही! त्यावर रात्री लेसरचे झोत सोडले जात. हे झोत डोळ्यांवर येतात, अशी तक्रार उतरणाऱ्या विमानांच्या वैमानिकांनी केली आणि लेसर बंद झाले. मंडप मात्र राहिला. तो पाहायला इतकी झुंबड उडाली की अष्टमीच्या रात्री लोकांना आत सोडणेच थांबवावे लागले.