शेवटची ट्रॉली दिसली!

दिसली! दुसऱ्या ट्रॉलीचं मागचं टोक, त्यामागचा बांध, बांधावरची बाभळ, सगळं ट्रॅक्टरच्या सीटवरून, मान न वळवता दिसलं! गंगापूर तालुक्यातल्या आमच्या दाजींच्या ट्रॅक्टरवर मागच्या कॅमेऱ्यांची सात इंची स्क्रीन बसली आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

ज्यानं ऊस वाहिलेला नाही, त्याला यातलं नवल लगेच कळायचं नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि ऊस ड्रायव्हरच्या डोक्याच्याही वर गेलेला. आरशात दिसतं ते पाचट. एकच ट्रॉली असली, की मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं हे हाताला सवयीनं जमतं. दोन असल्या की पहिली एका बाजूला जाते, दुसरी भलतीकडे, आणि कोन जरा जास्त झाला तर ट्रॉलीची दांडी थेट ट्रॅक्टरच्या चाकाला भिडते. म्हणून खाली एकजण उभा राहून ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" इंजिनाच्या आवाजात ते बस्स ऐकू येईलच असं नाही. आणि तो उभा असतो अगदी मागच्या चाकांच्या वाटेत.

संभाजीनगरच्या जालना रोडवरून सामान आणलं. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची, कॅमेरेही 12 व्होल्टचेच, त्यामुळे तिथं अडचण नव्हती. खरी गंमत कॅमेऱ्याच्या जागेत आहे. वर लावला तर बाहेर आलेला ऊस भिंगासमोर लोंबतो, म्हणून तो दुसऱ्या ट्रॉलीच्या चासीच्या मागच्या आडव्या अँगलखाली. दुसरा पहिल्या ट्रॉलीच्या मागे, हुक आणि पिनेवर रोखलेला. दुसऱ्या ट्रॉलीची दांडी हुकाशी कधी आली, हे आता ड्रायव्हरला एकट्याला कळतं! वायरलेसचा मोह मलाही झाला होता, पण दोन लोखंडी ट्रॉल्यांपलीकडून चित्र अडखळत येण्यापेक्षा वायर कधीही बरी. फक्त जोडाजवळ ती जुन्या टेलिफोनच्या दोरीसारखी गुंडाळीची हवी, नाहीतर पहिल्याच वळणावर तुटते. दर जोडाला स्क्रूचं सॉकेट, म्हणजे ट्रॉली सोडताना वायरही सुटते. आणि सेटिंगमध्ये चित्र आरशासारखं उलटं करायला विसरू नका! तसं नसेल तर डावीकडचा माणूस उजवीकडे दिसतो.

रात्री तर मी वेडाच झालो. कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागले आणि मिट्ट काळोखातला बांध काळ्यापांढऱ्या चित्रात उभा राहिला.

ही कल्पना जुनी आहे. जनरल मोटर्सनं 1956 साली प्रदर्शनासाठी केलेल्या ब्युइक सेंच्युरियन गाडीत आरशांऐवजी मागे टीव्ही कॅमेरा होता. सक्ती व्हायला मात्र एका लेकराचा जीव जावा लागला. अमेरिकेत 2002 साली दोन वर्षांचा कॅमेरॉन गुलब्रान्सन घरासमोर मागे येणाऱ्या गाडीखाली सापडला. गाडी त्याचे वडीलच चालवत होते. त्याच्या नावाचा कायदा 2008 साली झाला आणि मे 2018 पासून तिथल्या नव्या छोट्या गाड्यांना मागचा कॅमेरा बंधनकारक झाला. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ऊसतोड कामगारांची मुलं आली. दिवाळीच्या सुमारास बीड-जालन्याकडची कुटुंबं सगळा संसार याच ट्रॉल्यांत भरून निघतात. भांडी, बाजा, कोंबड्या, म्हातारी माणसं. आपल्याकडचं चालतं घर ते हेच. मग फडात आईबाप तोडणीला, आणि लहानगी ट्रॉलीच्या सावलीत झोपलेली. ड्रायव्हरला ती दिसायची कशी? आता दिसतात! दाजींनी स्क्रीनवर स्वतः एक पोरगं पाहिलं, ब्रेक दाबला, खाली उतरून त्याला उचलून बाजूला आणलं.

म्हणून माझं ट्रॉलीवाल्यांना कळकळीचं सांगणं आहे: गाळप सुरू व्हायच्या आधी, ट्रॉली रिकामी असतानाच कॅमेरे लावून घ्या. आणि सीटखाली एक मऊ फडकं ठेवा. फडातली धूळ तासाभरात भिंगावर बसते, दर खेपेला पुसावंच लागतं.