नापासांची शाळा

लेहहून कारगिलच्या दिशेने निघालेला रस्ता विमानतळ आणि स्पितुकचा मठ मागे टाकून उघड्या माळावर येतो. लेहपासून सुमारे 18 किलोमीटरवर, सिंधूच्या काठी फे हे गाव आहे. गावापलीकडच्या ओसाड जमिनीवर मातीच्या जाड भिंतींची एक वास्तू दक्षिणेकडे तोंड करून उभी आहे. हिवाळ्यात बाहेर पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत उतरतो. आत मात्र मुले शेकोटीवाचून अभ्यास करतात. मोठ्या खिडक्यांतून आलेले ऊन भिंतीच दिवसभर साठवून ठेवतात.

ही ‘सेकमोल’ संस्थेची निवासी शाळा. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली ही संस्था स्थापन केली. एरवी शाळा गुणपत्रिका पाहून दार उघडतात. येथे दहावीत नापास झालेल्यांचा विचार आधी होतो.

त्यामागे कारण आहे. त्या काळी लडाखी मुलांची घरची भाषा एक, आठवीपर्यंतच्या शिक्षणाची भाषा उर्दू आणि नववीपासून एकाएकी इंग्रजी अशी स्थिती होती. पाठ्यपुस्तकांतले जगही त्यांना परके होते. 1996 साली तेथील शासकीय शाळांतील जेमतेम 5 टक्के मुले दहावी उत्तीर्ण होत. शंभरांतली पंचाण्णव मुले नापास होत असतील, तर दोष मुलांचा कसा मानावा? गावकरी, शासन आणि संस्था यांनी 1994 पासून मिळून शाळा सुधारण्याचे काम हाती घेतले. 2015 पर्यंत उत्तीर्णांचे प्रमाण 75 टक्क्यांवर गेले. मुले त्याच मातीतली होती. बदलली ती शाळा.

फे येथील दिनक्रम पाहण्यासारखा आहे. गाईंचे दूध, भाजीचा मळा, सौरपट्ट्यांची देखभाल, स्वयंपाकघर, हिशेब या जबाबदाऱ्या मुलेच वाटून घेतात आणि ठरावीक काळाने त्या बदलतात. सांभाळ करणारा मुलगा चुकला, तर त्याचा परिणाम सर्वांच्या ताटात दिसतो. असा धडा कोणत्याही परीक्षेपेक्षा खोल रुजतो. उन्हाळ्याच्या तोंडी शेतीला पाणी मिळावे म्हणून हिवाळ्यात बर्फाचा शंकू उभारण्याचा ‘आइस स्तूप’चा पहिला प्रयोगही 2013-14 च्या हिवाळ्यात याच परिसरात, विद्यार्थ्यांच्या हातांनी झाला. ग्या गावच्या मेंढपाळ कुटुंबातील स्तान्झिन दोरजाई हा दहावीत नापास झालेला मुलगा याच संस्थेतून पुढे येऊन चित्रपट दिग्दर्शक झाला.

व्यापारी कुटुंबांनी या शाळेकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे दहावीत अडखळलेल्या मुलासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे आणि अखेर घरचे दुकानही आहे. मार्ग खुंटत नाही. खुंटतो तो मुलाचा स्वतःवरचा विश्वास. ‘शिकत नाहीस, तर बस गल्ल्यावर,’ असे म्हणून दिलेली दुकानाची किल्ली ही शिक्षा ठरते. खरेदीचा एक विभाग, त्याचा जमाखर्च आणि त्यातला नफा-तोटा पूर्णपणे सोपवून दिलेली तीच किल्ली शिक्षण ठरते.

वस्तूला अनेक बाजू असतात, हे अनेकांताचे तत्त्व आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. गुणपत्रिका ही मुलाची एकच बाजू आहे. फेच्या माळावर तिच्या पलीकडच्या बाजू रोज पाहिल्या जातात. लडाखची यात्रा करणाऱ्या कुटुंबांनी पूर्वपरवानगी घेऊन, आणि शक्य तर घरातल्या किशोरवयीन मुलांना सोबत नेऊन, ही शाळा अवश्य पाहावी.