पेडगावहून परत

घरचे न्यायला तयार नाहीत, किंवा घरच नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ साधारण असं सांगतं. मग जायचं कुठे? सरकारने हाफवे होमसारखी सोय करावी, असंही तिथेच लिहिलंय. तरी ठाण्या-येरवड्याला, नागपूर-रत्नागिरीला बरे होऊनही मागे राहिलेली माणसं आहेतच.

माझं डोकं मात्र अशा वेळी पेडगावला जाऊन बसतं. वेड पांघरून जातात ते. श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी हे गाव खरंच आहे. तिथल्या बहादूरगडावर मोगलांच्या बहादूरखानाची छावणी होती. मराठ्यांच्या एका तुकडीने हल्ल्याचं सोंग करून खानाची फौज लांब पळवली, दुसरीने मागून खजिना आणि घोडे नेले, अशी गोष्ट सांगतात. म्हण त्यातूनच आली म्हणे. इतिहासाच्या कसोटीवर किती टिकेल, देव जाणे. पण मला त्यातली परतीची खात्री खटकते. काम झालं, वेड झटकलं, निघाले घरी. घोड्यांसकट! ज्याला ते झटकता येत नाही, त्याला कुठल्या गावाला धाडायचं, हे म्हणीने कधी विचारलंच नाही. आणि घरी दार उघडायला कोण होतं, तेही नाही.

आमच्या चाळीतले अण्णा परत आले तेव्हा पिशवीत दोन बनियन आणि गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "बरे आहेत हो, पण रात्री जागणार कोण?" त्यांना निर्दय म्हणणं सोपं आहे. मला जमत नाही.

या कायद्यात रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. अण्णांनी भावाचं नाव न घालता कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं घातलं. भावाने आठवडाभर अबोला धरला. चहावाला फडक्याला हात पुसत मला म्हणाला, "सही करतो की. पण करायचं काय असतं?" मी कलम १७ वाचून दाखवलं: रुग्णाची इच्छा ध्यानात घ्यायची, उपचारांची माहिती मागायची, डिस्चार्ज ठरताना हजर राहायचं. रात्री जागण्याचं त्यात काही नाही. असायला हवं होतं का? असतं, तर त्याने सही केली असती का?