उद्याननगरीतील एक दार

बंगळूरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला प्रथम ओढ लागते ती तेथील बागांची. हैदरअलीने १७६० च्या सुमारास जिचा पाया घातला ती लालबाग, तिच्यातील १८८९ चे काचघर, आणि जिच्या वयापुढे आपला सारा इतिहास कालचाच वाटावा अशी तेथील सुमारे तीनशे कोटी वर्षांची खडकाची टेकडी, हे सारे पाहून मन भरते न भरते तोच कोणीतरी सांगते की, "अजून कब्बन पार्क राहिलेच की!" आणि मग पावले आपोआप तिकडे वळतात.

सर रिचर्ड सँकी यांनी १८७० मध्ये आखलेल्या या उद्यानाच्या एका कडेला तांबड्या रंगाची एक भव्य इमारत उभी आहे. कन्नड माणूस तिला 'अठारा कचेरी' म्हणतो. एकेकाळी सरकारच्या अठरा कचेऱ्या येथे नांदत, म्हणून हे नाव. मराठी माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही! आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. उद्यानातच शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या सभागृहात सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि पलीकडे मुलांचे बालभवन. या बालभवनातील छोट्या आगगाडीचे नाव 'पुटाणी एक्सप्रेस'. ते ऐकून आपल्याला फुटाण्यांची आठवण होते. परंतु कन्नडमध्ये पुटाणी म्हणजे चिमुकले मूल. बंगळूरच्या कित्येक पिढ्यांनी आपला पहिला रेल्वेप्रवास या गाडीतून केला आहे.

रविवारी सकाळी या उद्यानात हिंडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ग्रंथालयात वाचकांची शांतता आणि बालभवनाजवळ मुलांचा गलबला, अशी दोन्ही राज्ये एकाच उद्यानात सुखाने नांदतात. त्यांच्यामध्ये झाडे आहेत, अंतर आहे. आणि मधल्या रस्त्यांवर पेन्शनर आजोबा, धावणारे तरुण आणि बाबागाडीतील बाळे अशी सर्वांची सारखीच वहिवाट आहे. त्या वेळी हे निरीक्षण मी मनात नोंदवून सोडून दिले. त्याचा अर्थ मात्र त्याच दिवशी दुपारी, शहराबाहेर पस्तीसेक किलोमीटरवर, मला उमगायचा होता.

विमानतळाकडे जाणारी 'वायुवज्र' बस मॅजेस्टिकहून निघते आणि हेब्बाळ व येलहंका मागे टाकून देवनहळ्ळीच्या दिशेने धावू लागते. टिपू सुलतानचे जन्मस्थान म्हणून देवनहळ्ळी इतिहासात प्रसिद्ध आहे. बाजारात मात्र तिची कीर्ती आहे ती तेथील चकोत्याबद्दल, म्हणजे आपल्या पपनसाबद्दल. २००८ च्या मे महिन्यात या माळरानावर नवा विमानतळ सुरू झाला. शहराचे संस्थापक केंपेगौडा यांचा १०८ फूट उंचीचा पुतळा येथे उभा आहे. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावचे, हे कळल्यावर मराठी प्रवाशाची मान किंचित ताठ होते.

पुतळ्याच्या अनावरणाच्याच दिवशी, ११ नोव्हेंबर २०२२ रोजी, विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. 'उद्यानातील टर्मिनल' हीच त्याच्या रचनेमागची कल्पना होय. छताला बांबूचे आच्छादन आहे, वरून वेलींची झुंबरे लोंबतात आणि मुख्य इमारत व विमानात चढण्याची दालने यांच्या दरम्यान वृक्षवेलींचा एक पट्टाच राखलेला आहे. बंगळूरने आपली बाग उचलून विमानतळावर नेली आहे, असे म्हटले तरी चालेल.

या बागेत एक दार आहे. तसे ते आता सर्वच मोठ्या विमानतळांवर असते. त्या दाराआड लाउंज, म्हणजे राखीव विश्रामकक्ष असतो. मऊ खुर्च्या, गरम अन्न, मंद दिवे आणि बाहेरच्या गर्दीपासून सुटका, असे त्याचे स्वरूप. वरच्या वर्गाचे तिकीट असणाऱ्यांना, एकाच कंपनीच्या विमानाने वारंवार प्रवास करून 'एकनिष्ठ' ठरलेल्यांना आणि अलीकडे विशिष्ट बँककार्डे बाळगणाऱ्यांना येथे प्रवेश मिळतो. मला तो असाच एका कार्डाच्या कृपेने मिळाला होता. हाती एका पुस्तिकेच्या अनुवादाची मुद्रिते होती आणि पुण्याच्या विमानाला दोन तास अवकाश होता. कोपऱ्यातील खुर्ची पाहून मी तांबडी पेन्सिल काढली.

थोड्याच वेळात एक तरुण स्त्री, कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल आणि खांद्याला पिशवी अशी आत आली व माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकली. मूल रडत होते. "उगी रे माझ्या सोन्या, उगी," असे ती हलक्या आवाजात म्हणत होती. पण सोन्या काही उगा राहीना. समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र मोठ्याने झटकले. पलीकडच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. आणि मी? मी एक शब्दही बोललो नाही. मी फक्त पेन्सिल खाली ठेवली, सुस्कारा टाकला आणि तिच्याकडे पाहिले. तेवढे पुरे झाले. तिने नुकतीच वाढून घेतलेली बशी तशीच ठेवली, पिशवी उचलली आणि ती दाराबाहेर निघून गेली. कक्षात शांतता पसरली. त्या शांततेत मी पुढले पान उलटले. पुस्तिका शिशुसंगोपनावरची होती.

दोन ओळी वाचल्या, पण तिसरी वाचवेना. मी बाहेर आलो तेव्हा हिरव्या झुडपांच्या कडेला, एका बाकावर ती बसली होती. मूल मांडीवर मुसमुसत होते. "माझ्यामुळे आपल्याला उठावे लागले," असे मी म्हणालो, तेव्हा ती संकोचून म्हणाली, "छे हो, तुमचं कुठं चुकलं? तुम्ही कामात होता. ह्याचा कान रात्रीपासून ठणकतोय. डॉक्टरांनी औषध दिलंय, पण ते पोटात काही गेल्यावर द्यायचं. थोडं गरम दूध मिळालं असतं तर बरं झालं असतं, म्हणून आत आले होते." मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "इथं बरं आहे. इथं कुणी वळून बघत नाही."

मी आत जाऊन कपभर गरम दूध आणून दिले. तेथील सेवकाने काही न विचारता कप विसळून, दूध कोमट करून दिले, हे येथे सांगितले पाहिजे. त्या दिवशी तिला कोणत्याही नियमाने बाहेर काढले नव्हते. बाहेर काढले होते ते आम्हा सुशिक्षित माणसांच्या नजरेने.

अशा राखीव कक्षांत मुलांना प्रवेश असावा की नसावा, हा वाद आता जगभर चालू आहे. मोठ्या प्रवासी जहाजांवरही वारंवार सफर करणाऱ्यांसाठी असे खास कक्ष असतात आणि तेथेही नेमका हाच प्रश्न विचारला जातो: निष्ठा आईबापांची, मग तिचे फळ मुलांना का? 'व्हर्जिन व्हॉयेजेस' या कंपनीने तर अठरा वर्षांखालील कोणासही जहाजावर न घेण्याचेच धोरण ठेवले आहे. आपल्याकडे 'इंडिगो'ने २०१६ मध्ये विमानातील काही रांगा शांततेसाठी राखून तेथे बारा वर्षांखालील मुलांना आसन देणे बंद केले, तेव्हा मोठी चर्चा झाली होती. याउलट, दक्षिण कोरियात मुलांना मज्जाव करणाऱ्या उपाहारगृहांचे पेव फुटले असता तेथील राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१७ मध्ये, अशी सरसकट बंदी हा भेदभाव होय, असा निर्वाळा दिला.

दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. रात्रभर प्रवास करून आलेला, पुढे आणखी आठ तास जायचे असलेला माणूस दोन घटका डोळा लागावा म्हणून आत येतो. कोणी आजारी असतो, कोणी नुकत्याच झालेल्या दुःखातून निघालेला असतो. त्याच्या खुर्चीभोवती मुलांनी पकडापकडी खेळावी आणि आईबापांनी आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसावे, हा प्रकार कौतुकाचा नाही. "मूलच आहे ते!" हे वाक्य पुष्कळदा मुलाची बाजू घेण्यासाठी नव्हे, तर आपला आळस झाकण्यासाठी उच्चारले जाते. शांतता ही श्रीमंतांचीच चैन नव्हे. थकलेल्या जिवाची ती गरज आहे. आमच्या जुन्या नाट्यगृहांना हे कळत होते. रडणाऱ्या मुलांसाठी काही ठिकाणी काचेची वेगळी खोली असे. मूल रडले तरी नाटक मोडत नसे आणि आईलाही रंगमंच दिसत असे.

या काचेच्या खोलीतच प्रश्नाचे मर्म आहे. दोन वर्षांचे मूल एकटे कोठेही जात नाही आणि एकटे कोठूनही बाहेर पडत नाही. दारावर 'मुलांना प्रवेश नाही' असे लिहिले की बाहेर राहते ती आई. कधी वडील, कधी आजी. परंतु बहुधा आईच. तिच्या यजमानांचे कार्ड आत जाते, त्यांची बॅग आत जाते, आणि ती मूल घेऊन बाहेर बाकावर बसते. ज्या विसाव्याची गरज सर्वांत अधिक तिला आहे, तोच तिला नाकारला जातो. एका कक्षाच्या शांततेची किंमत कोण मोजतो, हा हिशेब दारावरच्या पाटीत कोठेही दिसत नाही.

मराठी माणसाला हे नव्याने सांगावयास नको. रायगडाचे दरवाजे सायंकाळी बंद झाले, आणि घरी तान्हे बाळ असलेली गवळण हिरकणी रात्री कडा उतरून गेली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. दरवाजाचा नियम चुकीचा नव्हता. गडाच्या रक्षणासाठी तो हवाच होता. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दूधपिते बाळ नव्हते. कथा सांगते की, महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधला. आज महाराष्ट्रातील एस. टी. स्थानकांवर स्तनदा मातांसाठी जो कक्ष असतो, त्यास 'हिरकणी कक्ष' म्हणतात. कार्ड नाही, वरचा वर्ग नाही, निष्ठेचे गुण नाहीत. मांडीवर मूल आहे, एवढाच तेथील प्रवेशाचा परवाना.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी व बालसंगोपनासाठी जागा असण्याविषयीच्या केंद्राच्या सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असा निर्णय दिला. त्या खंडपीठावर न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे होते. नागरत्नांची वकिली व न्यायदान याच बंगळुरात झाले. निपाणीत जन्मलेले वराळे येथे मुख्य न्यायमूर्ती होते. त्या दोघांनीही आपल्या 'अठारा कचेरी'च्या खिडकीतून कब्बन पार्क पाहिले असेल.

आणखी एक गोष्ट. मोठ्यांच्या जागी कसे वागावे हे मूल कोठे शिकणार? १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीकडे आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीत पडले. त्यानंतर जिजाबाईंसमवेत बालशिवाजीही काही काळ या शहरात राहिले. राज्यकारभार, शिष्टाचार, माणसांची पारख या गोष्टी त्या वयात वडीलधाऱ्यांच्या सहवासात राहूनच अंगी बाणतात. ओसरीवरच्या बैठकीत, कीर्तनात, लग्नाच्या पंगतीत आपणही असेच घडलो. सभ्यतेच्या दाराबाहेर ठेवून मुलाला सभ्यता शिकविता येत नाही.

मग करावे काय? कब्बन पार्कने जे केले तेच. जेथे मद्य दिले जाते किंवा झोपण्याची सोय आहे, तो भाग केवळ प्रौढांसाठी राखावा आणि तसे दारावरच स्पष्ट लिहावे. उरलेल्या जागेत मुलांसाठी एक कोपरा असावा. थोडी खेळणी, खालचे टेबल, गरम पाणी. आईबापांनी मुलांना मोकळे सोडून स्वतः मोकळे होऊ नये. मूल अनावर झाले तर दोन मिनिटे बाहेर फिरवून आणावे. आणि इतरांनी एवढेच करावे की, पाहावयाचेच तर मदतीसाठी पाहावे. या शेवटच्या सुधारणेस खर्च काहीच लागत नाही आणि तरीही तीच सर्वांत अवघड आहे, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

विमानाची घोषणा झाली तेव्हा सोन्या आईच्या खांद्यावर गाढ झोपला होता. रांगेत तिची पिशवी मी घेतली. मागे वळून पाहिले, तो वर वेलींची झुंबरे वाऱ्याशिवाय स्थिर होती आणि खाली बाकावर दुसरी एक माता आपले मूल घेऊन बसत होती. बाग सुंदर होती यात शंका नाही. पण बागेचे खरे सौंदर्य तिच्यात कोणाला निःशंकपणे बसता येते यावरून ठरते, एवढा धडा घेऊन मी बंगळूरचा निरोप घेतला.