उपवास आणि वजनाचा काटा

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली विनेश फोगाट एकाच दिवशी तीन कुस्त्या जिंकून ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत गेली. रात्रभर घाम गाळला, केसही कापले. सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली.

आमचा नातूही कुस्ती खेळतो. स्पर्धेआधी अन्नपाणी सोडून बसला. म्हणाला, "आजी, तू नाही का अठ्ठाई करत?" मी म्हटलं, "बाळा, माझ्या उपवासात दिवसा उकळलेलं पाणी असतं, विश्रांती असते, पारणंही मुगाच्या पाण्यानं, बेताबेतानं. तू तर सुकून लगेच मॅटवर उतरणार!"

बी.कॉम.च्या हिशोबाने सांगते: दोन दिवसांत उतरतं ते बहुतेक पाणी, चरबी नव्हे. शरीर सुकलं की स्नायू लवकर थकतात, तोल आणि लक्ष ढळतं, मग दुखापतीची भीती वाढते. अमेरिकेत १९९७च्या अखेरीस असं वजन उतरवताना तीन कॉलेज पैलवान दगावले, तेव्हा कुठे तिथले नियम बदलले.

तप आत्म्यासाठी, स्वेच्छेने, आपली शक्ती पाहून करायचं. काट्यासाठी केलेल्या उपासमारीला तप म्हणू नये. मैत्रिणींनो, घरातलं मूल असं खेळत असेल तर वरच्या वजनगटाबद्दल प्रशिक्षकांशी वेळेत बोला.