बिनफ्रीव्हीलची सायकल

सायकल उतारावर सोडून दिली की मागच्या चाकातून एक बारीक टिकटिक ऐकू येते. तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते, कारण ती विश्रांतीची खूण असते. पाय स्थिर आहेत आणि चाक मात्र धावते आहे, ही सोय फ्रीव्हील नावाच्या एका लहानशा भागाने दिलेली आहे. त्यातल्या खिट्ट्या पुढे जोर लावताच दात्यांत अडकतात आणि जोर काढताच त्यांवरून घसरू लागतात. ती टिकटिक म्हणजे हे घसरणे. फ्रीव्हील काढून त्या जागी साधे, घट्ट बसवलेले दातेरी चक्र लावले, तर ही घसरण नाहीशी होते आणि तिच्याबरोबर विश्रांतीही. चाक फिरते तोवर पायडल फिरणारच. अशा सायकलीला इंग्रजीत फिक्स्ड गिअर म्हणतात. गेल्या दीड वर्षात आम्ही दोघींनी अशी एक सायकल जुळवली आणि ती चालवायला शिकलो, त्याविषयी हे टिपण.

वाचकांना हा तरुणांचा षौक वाटण्याचा संभव आहे. न्यूयॉर्कमधील टपाल पोचवणाऱ्या सायकलस्वारांमुळे आणि पुढे शहरी फॅशनमुळे या सायकलीला तशी प्रतिमा लाभली, हे खरेच. पण ऐतिहासिकदृष्ट्या पाहता फ्रीव्हीलचा सर्रास वापर एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस सुरू झाला. त्याआधीच्या सायकलस्वारांना थांबलेले पायडल माहीतच नव्हते. धावपट्टीवरील शर्यतींत तर ही रचना आजही टिकून आहे. जपानमध्ये 1948 पासून चालत आलेली केइरिन ही शर्यत अशाच, ब्रेक नसलेल्या सायकलींवर होते. एडी मर्क्सने 1972 साली मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर अंतर कापले, तेही याच रचनेवर. आम्हाला मात्र सर्वांत जवळचा वाटला तो स्कॉटलंडचा ग्रॅम ओब्री. त्याने आपली सायकल स्वतः बांधली, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंग बसवले आणि जुलै 1993 मध्ये नॉर्वेतील हामार येथे तासाचा जागतिक विक्रम केला. आठवडा उलटण्याआधीच तो विक्रम मोडला गेला. परंतु मोडक्या यंत्रातला एक भाग उचलून त्यावर विश्वास टाकण्याची त्याची वृत्ती आम्हाला भावली, कारण आमच्याही हाती जुनेच लोखंड होते.

हे लोखंड म्हणजे आमच्यापैकी एकीच्या वडिलांची काळी सायकल. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि निवृत्तीपर्यंत याच सायकलवरून शाळेत जात. 2019 साली ते गेले. पुढे राहते घर पुनर्बांधणीला गेले तेव्हा जिन्याखाली ठेवलेल्या सायकलीचा प्रश्न उभा राहिला. थोरल्या भावाचे म्हणणे होते की ती आहे तशी पुसून नव्या घराच्या गॅलरीत ठेवावी. बहिणीला ती चालती हवी होती. आम्ही दोघी तेवीस वर्षे एकाच विभागात मराठी शिकवतो. त्यामुळे या वादात दुसरीने पडणे ओघानेच आले.

वाद सायकलीचा असला तरी प्रश्न आमच्या ओळखीचा होता. पाठचिकित्सा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत भर घालू नये अशी ताकीद दिली. मूळ राखणे म्हणजे निष्ठा, हा धडा त्यातून आपण घेतो. भावाची भूमिका तीच होती. मात्र सायकल खोलून समोर पसरली, तेव्हा मूळ पाठ कोणता हे सांगणे अवघड झाले. पायडले दुसऱ्या कंपनीची होती. सीट तर उघडच नंतरची होती. पुढच्या रिमवरचा छाप मागच्या रिमशी जुळत नव्हता आणि कॅरिअरला वेल्डिंगचे दोन जोड होते. बाबांनी सायकल जपली होती ती बदलत बदलत. कारखान्यातून आली तेव्हाचे म्हणता येईल असे सांगाडा, हँडल आणि क्रँक एवढेच उरले होते. संहिता वाचली की टिकते आणि यंत्र वापरले की टिकते. दोन्हींना एकच नियम लावता येणार नाही, असे आमचे मत झाले. भावाला ते तेव्हा पटले नाही. “बाबांची सायकल आहे ती, तुमचा प्रबंध नव्हे,” असे म्हणून त्याने फोन ठेवला. त्यानंतर काही महिने बहीणभावांचे बोलणे आईच्या औषधांपुरतेच उरले.

जुळवणीचे काम एका वयस्कर मेस्त्रींच्या दुकानात, त्यांच्या देखरेखीखाली झाले. आरंभीच त्यांनी एक अट घातली. “मॅडम, पाना तुम्ही धरायचा. मी फक्त सांगणार.” पहिली अडचण मागच्या चाकाची. आपल्या काळ्या सायकलच्या मागच्या रिमला चाळीस छिद्रे असतात, तर ट्रॅक सायकलचा मिळालेला हब छत्तीस आऱ्यांचा होता. म्हणून मागची रिम नवी घ्यावी लागली. चाक विणणे हा शब्दप्रयोग आम्ही तेथे प्रथमच ऐकला आणि तो किती अचूक आहे हे हातांनी कळले. प्रत्येक आरा एकाच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून जातो, आणि एकाची ओढ वाढवली की समोरच्याची बदलते. आऊट काढण्यातच आमचे तीन रविवार गेले.

त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट हबवरील आट्यांची. दातेरी चक्र नेहमीच्या उजव्या आट्यांवर बसते आणि पुढे पायडल मारले की अधिक आवळत जाते. पण या सायकलीत वेग कमी करायचा तर पायांनी मागे रेटावे लागते, आणि त्या रेट्याने चक्र सैल होऊ पाहते. म्हणून त्यावर उलट आट्यांची एक कडी बसवतात. चक्र सुटू लागले की ही कडी आवळली जाते. ज्या बळाने एक सुटावे त्याच बळाने दुसरे घट्ट व्हावे, ही योजना पाहून आम्ही दोघी काही वेळ गप्प राहिलो.

पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्याला 18. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वापाच मीटर जाते. किलोमीटरला साधारण एकशे नव्वद फेरे, आणि त्यांतला एकही चुकवता येत नाही. पुढचा ब्रेक आम्ही आग्रहाने ठेवला, कारण रस्ता म्हणजे धावपट्टी नव्हे. पूर्ण चेनकव्हरही ठेवले. या सायकलीची चेन ओढणी किंवा बोट पकडल्यावर थांबत नाही.

शिकणे महाविद्यालयाच्या मैदानावर, सकाळी साडेसहाला झाले. लहानपणी सायकल शिकताना तोलाची भीती असते. येथे तोल येत होता, पण सवय आडवी येत होती. जरा वेग आला की पाय आपोआप थांबू पाहत आणि पायडल त्यांना खालून उचलून पुढे ढकली. तो धक्का थेट कंबरेपर्यंत पोचे. वळणावर आतले पायडल वर धरून ठेवण्याची मुभा नसते, म्हणून फार झुकता येत नाही, आधीच वेग आवरावा लागतो. उतारावर तर पाय चाकाच्या ताब्यात जातात. मेस्त्रींचा सल्ला एकच होता : पायांना लढू देऊ नका, चाकामागून जाऊ द्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते साधले. वेग वाढवणे आणि आवरणे या दोन वेगळ्या क्रिया राहिल्या नाहीत. त्याच पायांच्या त्याच लयीत थोडा अधिक किंवा थोडा उणा भार, एवढेच उरले. वृत्तात लिहिणाऱ्याला यती कोठे घ्यावी हे जसे मोजावे लागत नाही, तसे काहीसे. पंचेचाळिशीनंतर शरीर नवे काही शिकते, हा अनुभव आम्हाला कोणत्याही चर्चासत्राने दिलेला नव्हता.

मैदानावर येणारे विद्यार्थी पहिले काही दिवस हसत. मग त्यांतली एक मुलगी विचारू लागली की थांबताच येत नसेल तर उपयोग काय. आम्ही तिला सायकल दिली. दोन फेऱ्यांनंतर ती म्हणाली, “मॅडम, रस्ता पायांना कळतो.” यापेक्षा चांगले उत्तर आमच्यापाशी नव्हते.

भाऊ वर्षश्राद्धाला आला तेव्हा सायकल अंगणात होती. त्याने सांगाड्यावर हात फिरवला. हँडलच्या डाव्या मुठीजवळ बाबांच्या अंगठीने पडलेला ओरखडा आम्ही रंगवू दिला नव्हता, तो त्याने पाहिला. काढलेले मागचे चाक फ्रीव्हीलसकट गोणपाटात बांधून ठेवल्याचे बहिणीने सांगितले. “दादा, तुला हवी तेव्हा ती पूर्वीसारखी होईल. एका दुपारचं काम आहे.” तो काही बोलला नाही. संध्याकाळी मात्र स्वतःच बाहेर गेला आणि गल्लीच्या टोकापर्यंत सायकल नेली. पायडलने त्यालाही उचलले, तेव्हा तो मोठ्याने ओरडला आणि मग हसला. परतल्यावर त्याने विचारले ते इतकेच, “हवा कुठे भरता हिच्यात? मागं कमी वाटतेय.”

गोणपाटातले चाक अजून आहे. ते सोडावे असे त्याने आजवर सांगितलेले नाही.