तात्यापाऱ्यातील एक प्रशस्त घर

वाचकहो, रायपूरला कधी जाणे झाले, तर राजधानीचे रुंद रस्ते पाहूनच परतू नका. जयस्तंभ चौकातून शारदा चौक ओलांडून तात्यापाऱ्यात या. छत्तीसगडात ‘पारा’ म्हणजे वस्ती. मुख्य रस्त्याची वर्दळ सोडून आत वळले की गल्ल्या शांत होतात आणि एखाद्या दारातून मराठी शब्द कानी पडतो.

या शब्दामागे मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशावर आली. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुराहून कारभार पाहिला. पुढे अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषकच होते. १९२६ साली रायपुरातच त्यांचे देहावसान झाले.

अशाच एका कुटुंबाच्या कौलारू घरावर मी पाटी पाहिली : ‘मकान बेचना है’. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे अंगण आणि विहीर. माजघरात दुपारी पंगत बसे, रात्री अंथरुणे पडत आणि मंगलकार्यात तेच मांडव होई.

मला एकदम जपानी घर आठवले. त्याविषयीच्या एका लेखाचा मी पूर्वी अनुवाद केला होता. तेथेही जोडे दाराशी काढतात; बागेच्या बाजूस ‘एंगावा’ नावाची आपल्या ओसरीसारखी लाकडी पडवी असते; आणि सरकत्या पडद्या बाजूला सारल्या की दोन खोल्यांची एक होते. सकाळी अंथरुणे कपाटात गेली की निजण्याची खोली बैठकीची होते. मात्र माणसे शहरांकडे गेली, कुटुंबे आक्रसली आणि ही घरे ओस पडली. २०२३ च्या गणनेत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. तेथील अनेक नगरपालिका अशा घरांच्या याद्या करून त्यांना नवे रहिवासी शोधतात.

तात्यापाऱ्यातील घर अजून रिकामे नव्हते. तेथे सत्तरी उलटलेल्या आजी एकट्या राहत होत्या. दोन्ही मुलगे दूरच्या शहरांत. विक्रीचे त्यांचे ठरले होते. नागपूरला दिलेल्या मुलीची सही केवळ उपचार, असे त्यांना वाटले. परंतु २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे आणि पतीच्या वाट्यात विधवाही वारस असते. मुलगी म्हणाली, “सही करीन, पण आधी आईला विचारा, ती कोठे राहणार?”

तोवर हे कोणी विचारलेच नव्हते. आजी शांतपणे म्हणाल्या, “एवढे अंगण आता माझ्याने झाडवत नाही. खुशाल विका. पण भाड्याने का होईना, मला याच पाऱ्यात दोन खोल्या पाहून द्या.”

आता मुलगे त्याच गल्लीत खोल्या शोधत आहेत. त्या मिळेपर्यंत व्यवहार थांबला आहे. वाचकहो, आपल्याही घरी असा प्रसंग येईल. घर विकण्यात कमीपणा नाही. मात्र दारावर पाटी लावण्यापूर्वी घरातील सर्वांना एकदा ओसरीवर बसवा आणि सर्वांत वडील माणसाला आधी बोलू द्या.